न पुसलेली नावं

आमच्या गावच्या वाचनालयाला नवी इमारत झाली. उद्घाटनाला मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली, कारण माझ्याएवढं जुनं माणूस गावात दुसरं उरलेलं नाही. दाराजवळ काळी फरशी बसवली आहे. वाचनालयासाठी ज्यांनी काही केलं त्यांची नावं तिच्यावर कोरली आहेत. मी चष्मा लावून सगळी वाचली. सगळ्यात वर जुन्या पाटलांचं नाव आहे. याच माणसानं एकदा वाचनालयाला कुलूप घातलं होतं. ज्यानं ते बारा वर्षं चालवलं त्याचं नाव फरशीवर नाही.

मी सरपंचाला म्हटलं, "काकाजीचं नाव काहून नाई?"

"कोणते काकाजी, आजी? पूर्ण नाव सांगा, टाकून देऊ."

मला सांगता आलं नाही. नाव दामोदर होतं एवढंच ठाऊक. त्यांच्या बापाचं नाव, आडनाव आम्ही कधी विचारलंच नाही. ज्या माणसानं आम्हा बायकांना पूर्ण नाव लिहायला लावलं, त्याचं पूर्ण नाव गावात एकालाही माहीत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जसं जमतं तसं. गोड करून लिहिणार नाही. ते काही गोड माणूस नव्हते.

काकाजी आमच्या गावचे नव्हते. जऊळक्याच्या स्टेशनावर पार्सलाच्या कामावर होते. डाव्या डोळ्यात फूल पडलं, नोकरी सुटली, आणि ते दोन कोस चालत आमच्या गावात आले. बायको नव्हती, होती का हेही माहीत नाही. वाचनालय म्हणजे तेव्हा चावडीशेजारची एक खोली आणि पुढं ओटा. खोली पाटलांची. एक कपाट, दीडएकशे पुस्तकं, एक सतरंजी, एक खुर्ची. काकाजी तिथंच मागच्या कोनाड्यात निजत. सकाळी उठून परत जऊळक्याला जात, गाडीनं आलेला पेपर घेत आणि परत येत. पावसात, उन्हात, अंगात ताप असला तरी. पेपर दोन दिवसांचा शिळा असे. कोणी तसं म्हटलं की म्हणत, "शिळा असन. पन वाचला कोनं?"

एक डोळा अधू असल्यानं ते पेपर तोंडासमोर धरत नसत. उजव्या बाजूला, लांब, कोणी दुसरा वाचतो आहे आणि आपण त्याच्या खांद्यावरून बघतो आहोत, असा धरत. आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवत. मधलं काही गाळायचं नाही. जाहिराती वाचत, सरकारी नोटिसा वाचत, शेवटी छापखान्याचा पत्ता असतो तोही वाचत. मध्ये कोणी बोललं तर थांबत आणि त्या वाक्याच्या आरंभापासून पुन्हा वाचत. लोक कंटाळून एकमेकांना गप्प करायला शिकले.

वाचून झालं की कोणी तरी विचारायचाच, "काकाजी, तुमाले काय वाटते?"

त्यांचं उत्तर ठरलेलं. "वाचलं थे माझं. वाटते थे तुमचं."

लोकांना याचा राग येई. शिकलेल्या माणसानं काही सांगावं, असं त्यांना वाटे. ते सांगत नसत. आणि कोणी ओट्यावर येऊन काही ठासून सांगू लागला, की अमक्या गावात असं झालं, सरकारनं तसं ठरवलं, तर काकाजी पेपरातून मान न काढता विचारत, "कुठं छापलं?" ऐकीव गोष्ट त्यांना चालत नसे. याच कारणानं त्यांना जवळचं माणूस नव्हतं. ज्याच्याशी चार ऐकीव गोष्टी बोलता येत नाहीत त्याच्याशी गावात बोलायचं काय?

खुर्चीचं सांगते. खुर्ची एकच, आणि ती वाचणाऱ्याची. जो वाचत असेल तो बसेल, मग तो कोणी का असेना. न वाचणारा सतरंजीवर. एकदा पाटील आले आणि खुर्चीत बसले. खोली त्यांची, खुर्ची त्यांची.

काकाजी म्हणाले, "वाचाचं हाये का पाटील?"

"नाई. बसाचं हाये."

"मंग सतरंजी झटकून देतो."

ओट्यावर पाच-सात माणसं होती. पाटील उठले नाहीत. हात लांब करून त्यांनी पेपर घेतला आणि मांडीवर ठेवला. "घ्या, वाचून राह्यलो." काकाजींनी मान हलवली. थोड्या वेळानं ते येऊन उभे राहिले. "पान उलटा पाटील, मागं लोक थांबले." पाटलांनी पान उलटलं. परत थोड्या वेळानं, "उलटा." असं शेवटच्या पानापर्यंत केलं. माणसं तोंडात उपरणं कोंबून हसत होती. काकाजी हसले नाहीत. त्यांना ती गंमत वाटतच नव्हती, हे पाटलांना जास्त लागलं असावं.

दुसरं विहिरीचं. खालच्या वेशीच्या विहिरीला कठडा नव्हता. त्या साली एक पोरगी पाणी ओढताना आत गेली. आठ वर्षांची होती. पुढं काही महिन्यांनी लोकल बोर्डाच्या कामांची यादी छापून आली. काकाजींनी ती बाजाराच्या दिवशी वाचली. त्यात आमच्या गावचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, विहिरीचा कठडा बांधून पूर्ण.

काकाजींनी पुढची गावं वाचली. पुढच्या बाजाराला तीच यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. लोक म्हणाले, ही तर झाली. "झाली," ते म्हणाले, आणि वाचत राहिले. तिसऱ्या बाजाराला त्यांनी पुन्हा ती काढली तेव्हा मेलेल्या पोरीचा बाप ओट्यावरून उठला आणि विहिरीकडं चालू लागला. त्याच्यामागं दोघं गेले, मग वीस गेले. विहिरीजवळ उभे राहून त्यांनी नुसतं बघितलं. कठडा नव्हता. तिथूनच ते वाशीमला तहसिलीत गेले, पायी. पंधरा दिवसांत दगड आले. काम कागदावर ज्यानं पूर्ण केलं होतं तो पाटलांचा मेहुणा होता.

काकाजींनी त्या प्रकरणात आपलं एक अक्षर घातलं नव्हतं. छापलेलं तीनदा वाचलं एवढंच. पण पाटील ते विसरले नाहीत.

आता बायकांचं.

वाशीमच्या बाजाराच्या दिवशी गावातले बाप्ये गाड्या जुंपून जात. आमचा भाजीचा मळा होता. आमचे मालक वांगी, मेथी, मिरच्या घेऊन पहाटेच निघत. त्या दिवशी दुपारी वाचनालय रिकामं. म्हणून ती वेळ काकाजींनी बायकांना दिली. आम्ही अकराजणी जात होतो. काही माझ्यासारख्या माहेरी शाळेत गेलेल्या, काहींनी तिथंच अक्षरं गिरवली. मला पुस्तकांचं फार वेड होतं असं नाही. घरातून दोन तास सुटका होई, म्हणून जात होते. सासू म्हणे, "गेली का कचेरीत?" मी म्हणे, "हो आत्याबाई, निकाल लावून येतो." एवढं चालत होतं घरात, कारण मालकांची ना नव्हती.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि प्रांताच्या निवडणुका येणार होत्या. काकाजींनी नोटीस वाचून दाखवली. ज्या बाईला लिहिता-वाचता येतं तिचंही नाव मतदारांच्या यादीत जाईल. अर्ज कारकुनासमोर स्वतःच्या हातानं लिहायचा. स्वतःचं नाव, वय, गाव आणि नवऱ्याचं पूर्ण नाव.

नवऱ्याचं नाव म्हटल्यावर सगळ्या खाली बघू लागल्या.

आताच्या पोरी नवऱ्याला नावानं हाक मारतात, त्यांना हे समजायचं नाही. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं, असं आम्ही मानत होतो. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. आमच्यातली गंगूबाई, तिच्या नवऱ्याचं नाव सोमा. ती सोमवार म्हणत नसे.

काकाजींनी तिला विचारलं, "गंगूबाई, पुस्तक कवा नेलं?"

"रविवारच्या दुसऱ्या दिशी."

"म्हंजे?"

"मंगळवारच्या पह्यल्या दिशी. लिवा ना काकाजी, कायले पिसता मले!"

आम्ही खूप हसलो. काकाजींनी तसंच लिहून घेतलं.

ते म्हणाले, "तोंडानं घ्याचं नाई नं? मंग हातानं लिवा. लिवनं म्हंजे घेनं नाई."

"कुठं छापलं?" गंगूबाईनं विचारलं. त्यांचं बोलणं त्यांनाच परत मिळालं. त्यांनी हातातली नोटीस खाली ठेवली. मग म्हणाले, "हे नाई छापलं. हे मी सांगतो." त्यांनी आपलं असं काही सांगितल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पाट्या काढल्या. मी आमच्या मालकांचं नाव लिहिलं. सगळ्यांनी लिहिलं. मग काकाजी म्हणाले, "पुसा अन् परत लिवा."

एकीनंही पुसलं नाही.

पुसणार कशी? नवऱ्याचं नाव आपल्या हातानं पुसायचं, तेही थुंकीनं, ओल्या फडक्यानं? कपाळाचं पुसावं तसं? अकरा पाट्या अकरा नावांनी भरलेल्या आणि अकराजणी त्या छातीशी धरून बसलेल्या. बाप्ये गावात परतायची वेळ झाली तरी कोणी उठेना. काकाजींना आधी समजलंच नाही. समजल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी अकराही पाट्या कपाटावर उभ्या करून ठेवल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून जुन्या पेपरांचे कोरे काठ कापून आम्हाला लिहायला दिले.

पण कागदाचंही तेच. लिहिलेला कागद टाकायचा नाही, कारण पायाखाली येईल. फाडायचा नाही. जाळायचा तर मुळीच नाही. पाण्यात सोडायचा नाही, पाण्यात अस्थी सोडतात. मग काकाजींनी आपली टिनाची ट्रंक मोकळी केली. आतले कपडे काढून खुंटीला टांगले. प्रत्येकीचे कागद दोऱ्यानं बांधून त्यात ठेवले, वर तिचं स्वतःचं नाव लिहून. पाट्याही त्यातच गेल्या. त्या बाबतीत मात्र ते एवढे जपून वागत की आम्हाला हसू येई. या माणसाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमचा होता, म्हणून ते सांभाळत होते. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही.

कारकून वाशीमहून आला. तरणा होता, घाईत होता. ओट्यावर टेबल मांडलं. पहिली गंगूबाई.

"नवऱ्याचं नाव बोला."

तिनं कागदासाठी हात पुढं केला.

"अहो बाई, नवरा आहे की नाही?"

"हाये नं. चांगला ढोलकीसारखा हाये. कागद द्या इकडं."

तिनं लिहून दिलं. अकराजणींनी लिहून दिलं. दोघींना त्यानं पेपर वाचायला लावला, त्या अडखळल्या, त्यांचे अर्ज बाद झाले. नऊ राहिले. यादी आली तेव्हा काकाजींनी ती वाचनालयाच्या भिंतीवर खळीनं चिकटवली. नऊ बायकांची नावं, पुढं नवऱ्याची नावं, छापलेली. आम्ही रोज पाण्याला जाताना वाट वाकडी करून बघून येत होतो. त्या दिवसांत काकाजी कोणाला "कुठं छापलं?" विचारायचे नाहीत. यादीकडं बोट दाखवून नुसतं म्हणायचे, "पाहा."

हे एवढंच चांगलं झालं. पुढं काही चांगलं नाही.

यादी लागल्यावर महिन्याभरानं आमच्या मालकांच्या पायाला कुदळ लागली. वांग्याच्या वाफ्यात शेणखत भरत होते. जखम लहान होती. हळद भरली, चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी बाजारही करून आले. आठव्या दिवशी जबडा धरला. दातखिळी बसली ती सुटली नाही. पाणी तोंडात जाईना. चार दिवस अंग धनुष्यासारखं ताणत राहिलं आणि पाचव्या दिवशी गेले. मी एकवीस-बावीसची असेन.

सासू तेराव्या दिवसापर्यंत काही बोलली नाही. मग बोलली. "नाव पेटीत कोंडलं, म्हणून तोंड कोंडलं."

एवढं एकच वाक्य. त्याच दिवशी ते गावभर झालं. ट्रंकेत सगळ्यांच्या नवऱ्यांची नावं होती. बायका धावत वाचनालयात गेल्या. कोणी रडून राहिली, कोणी शिव्या देऊन राहिली. काकाजींनी ट्रंक ओट्यावर आणून उघडली. म्हणाले, "आपापले कागद घेऊन जा." एकही पुढं झाली नाही. घेऊन करणार काय? पुसता येत नाही, जाळता येत नाही, घरात ठेवायची भीती, आणि आत कोंडून ठेवायची त्याहून मोठी भीती.

"झाकन तरी लावू नका काकाजी," गंगूबाई म्हणाली. तीच गंगूबाई, आता हात जोडून. "उघडी राहू द्या."

"राहू देतो," ते म्हणाले.

पाटलांना हेच हवं होतं. त्यांनी चार माणसं जमवली आणि आमच्या अंगणात बैठक बसली. काकाजींना बोलावलं. मी आत कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली. दार अर्धं उघडं, सगळं ऐकू येत होतं.

पाटील म्हणाले, "बाया बिघडवल्या, आता मानूस मेला. तुमचं काय म्हननं हाये?"

"मानूस कुदळीनं गेला."

"कुठं छापलं?" पाटलांनी विचारलं. माणसं हसली. मयताच्या घरात हसली.

काकाजींचा आवाज चढला नाही. "छापलं नाई. तिनं पाह्यलं हाये. चार दिवस ती उशाशी होती. तिले विचारा. ती म्हनन थे मले मान्य."

मग दाराकडं तोंड करून पाटलांनी विचारलं, "काय व पोरी, कायनं गेला?"

मला माहीत होतं. कुदळ दाराच्या मागंच उभी होती. टोकाला गंज होता, तो मी बघितला होता. एवढं सांगायचं होतं, पायाले कुदळ लागली. तीन शब्द. मी बोलले नाही.

भीती होती का? होती. सासू समोर, पाटील समोर. पण मी गोड करून लिहिणार नाही म्हटलं आहे, तर खरं लिहिते. भीती हे कारण नव्हतं. त्या घटकेला मलाही वाटत होतं की असेल. आपणच लिहिलं, आपणच कोंडलं. ज्या माणसानं वाचायला शिकवलं त्याच्यापेक्षा सासूचं एक वाक्य मला जास्त खरं वाटलं. वाचायला येतं म्हणून माणसाला अक्कल येते असं नाही.

मग काकाजींचा आवाज आला. "ठीक हाये." आणि त्यांच्या वहाणांचा आवाज.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला कुलूप लागलं. पाटलांनी सांगितलं, खोली धान्याला पाहिजे. पुस्तकं चावडीत पोत्यात गेली. काकाजी मारुतीच्या पारावर राहू लागले, शेजारी ती उघडी ट्रंक. पाऊस नव्हता म्हणून बरं. पेपर आणायला जऊळक्याला जातच होते. पारावर बसून वाचत. ऐकायला कोणी नसे. तरी मोठ्यानं वाचत, जाहिरातीसकट. पाण्याला जाताना ऐकू येई. बायका पदर ओढून पलीकडच्या वाटेनं जात. मीही.

मग निवडणुकीचा दिवस आला. आणि सकाळी आमच्या दाराशी पाटलांची गाडी.

पाटलांचा माणूस सासूला म्हणाला, "तुमच्या सुनेचं नाव यादीत हाये. पाठवा. कोनाले द्याचं थे गाडीत सांगतो."

ज्या यादीनं माणूस मेला तीच यादी. ज्यांनी कुलूप लावलं त्यांचीच गाडी. मला वाटलं सासू त्याला चपलेनं हाणते. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "जाय. पाटलाचा शब्द हाये."

बाकीच्या आठजणींतल्या एकीलाच नवऱ्यानं पाठवलं होतं. सात आल्या नाहीत. मी वर्षाच्या आतली विधवा, कुठं लग्नाकार्याला चालले नसते, पण पाटलांच्या गाडीत मला जागा झाली. गाडीवाला वाटभर सांगत होता, कोणाचं नाव, कुठली खूण. मी हो म्हणत होते. त्या वाटेवर पहिल्यांदा माझं डोकं नीट चाललं. यांना माहीत होतं. कागदानं माणूस मरत नाही हे पाटलांना त्या दिवशीही माहीत होतं.

मतदान जऊळक्याच्या शाळेत होतं. समोरच्या लिंबाखाली काकाजी बसले होते. यादीची नक्कल हातानं उतरून आणली होती, कोणाला आपला नंबर सापडत नसेल तर सांगायला. कोणी विचारत नव्हतं. पेपर धरत तशी यादी उजव्या बाजूला लांब धरलेली. मी त्यांच्या समोरून गेले.

आत टेबलाशी कारकून. "नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?"

मागच्या बाईनं हळूच म्हटलं, "लिवून घ्या साहेब, आमच्यात घेत नाईत."

पण मला आता काय होणार होतं? आणि त्यांना तरी काय होणार होतं? मी मोठ्यानं सांगितलं, "पुंडलिक महादू राऊत."

आवाज खिडकीतून बाहेर गेला असेल. मी लिंबाकडं बघितलं. काकाजींनी मान वर केली नाही. कानावरची पेन्सिल काढली, यादीवर बोट खाली खाली नेलं, एका जागी थांबलं, तिथं खूण केली आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

चिठ्ठी मी पेटीत टाकली. तिथं मी एकटीच होते. पाटलांच्या उमेदवाराला टाकली नाही. तरी तो निवडून आलाच.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस झाले असतील. मळा आता माझ्या अंगावर पडला होता. सकाळच्या गाडीनं मी भाजी घेऊन वाशीमला जाऊ लागले होते. जऊळक्याला फलाटावर टोपली उतरवली आणि बघितलं तर बाकावर काकाजी. पायाशी ती ट्रंक.

"कुठं काकाजी?"

"अकोल्याकडं. एका वाचनालयात झाडलोट कराले मानूस पाह्यजे, असं छापून आलं."

मी उभी राहिले. मग मीच म्हटलं, "त्या दिशी मी बोलाले पाह्यजे होतं."

वाटलं होतं म्हणतील, जाऊ दे पोरी. ते म्हणाले, "हो. पाह्यजे होतं."

त्यांनी मला माफ केलं नाही, आणि बरंच केलं. खोटं बोलले असते तर मला ते आवडले नसते.

मी म्हटलं, "माझे कागद द्या. मले आता नेता येतात."

त्यांनी ट्रंक उघडली. उघडली म्हणजे काय, झाकण पूर्ण लागलेलं नव्हतंच. दोऱ्यानं बांधलेली अकरा पुडकी. माझं त्यांनी पाटीसकट न शोधता काढलं. पेपराच्या काठावर माझं वेडंवाकडं अक्षर, खाली खाली तेच नाव, शेवटी शेवटी नीट आलेलं. मी ते मेथीखाली ठेवलं. पुढं घरात फडताळात ठेवलं होतं, दोनतीन वर्षांनी उंदरांनी कागद खाल्ले. काही झालं नाही. आणखी व्हायचं राहिलं काय होतं?

अकोल्याची गाडी आली. मी ट्रंक उचलायला हात लावला तर म्हणाले, "हळू. आडवी करू नको." ते डब्यात चढले. खिडकीशी बसले आणि ट्रंक मांडीवर घेतली, कारण खाली गर्दीत कोणी बसलं असतं तर झाकण दाबलं गेलं असतं. दहा बायकांच्या दहा नवऱ्यांची नावं होती आत. त्यातल्या एकीनंही त्यांच्याशी बोलणं ठेवलं नव्हतं. त्यातल्या चारजणी पुढं नवऱ्याआधी गेल्या, सहा मागून. जसं व्हायचं तसं झालं.

काकाजींनी कानावरची पेन्सिल काढली. गाडीच्या धक्क्यानं झाकण बंद होऊ नये म्हणून ती फटीत आडवी घातली, नीट बसली का ते बोटानं चाचपून बघितलं, आणि गाडी सुटली.